चारशे बारावं रोप

दुपारी दीडला सगळे जेवायला वर गेले की तळघरातल्या त्या लांब खोलीत आम्ही दोघीच उरायचो. मुलगी पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यात, माझ्या जुन्या शालीवर झोपलेली आणि मी टेबलापाशी, नव्वद वर्षांची धूळ अलगद झाडत बसलेली. खोलीला खिडक्या नाहीत. भिंतीतल्या यंत्राची एकसुरी घरघर, जुन्या कागदांचा किंचित आंबूस वास आणि मधूनच तिचं झोपेतलं चुकचुक चोखणं. ते ऐकलं की माझ्या अंगात दूध दाटून यायचं आणि मी हातातलं काम ठेवून तिच्याकडे बघत बसायचे.

अभिलेखागारात मी कंत्राटावर आहे. कुणाचे तरी कागद येतात, ते साफ करायचे, आले त्याच क्रमाने लावायचे, प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने क्रमांक घालायचा आणि यादी करायची. शाई जवळ ठेवायची नाही. पिन टोचायची नाही. मूळ कागदावर तो क्रमांक सोडून एक टिंबसुद्धा काढायचं नाही. हे सगळं मला पहिल्याच दिवशी कसरकाकांनी सांगितलं होतं. पुस्तकं खाणारी चंदेरी कीड असते ना, कसर, तिच्यावरून त्यांना हे नाव पडलं. छत्तीस वर्षं ते या तळघरात आहेत. नाव त्यांनाही ठाऊक आहे. "कसर निदान खाऊन पुष्ट तरी होते," असं म्हणून ते स्वतःच्या हडकुळ्या मनगटाकडे बघतात.

या खेपेचे कागद एका फळबागवाल्याचे होते. एकतीस खोकी. हिवाळ्यात दव गोठतं आणि उन्हाळ्यात तांबडी माती भाजून निघते अशा मधल्या पट्ट्यात लिची, अ‍ॅवोकाडो असली लाडावलेली झाडं लावून बघणारा तो पहिला माणूस. सुरुवातीला लोक त्याला हसले, मग त्याच्याच रोपांवर त्यांनी बागा उभ्या केल्या. त्याने काढलेली कृषिशाळा पाडली तेव्हा माळ्यावरून ही खोकी निघाली आणि आमच्याकडे आली.

मला तो आवडायला लागला होता. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर, तपकिरी पडलेली शाई. प्रत्येक रोपाचं एक कार्ड आणि त्यावर शेरा. 'नं. ८८: आज रुसलंय. उन्हातून हलवलं.' 'नं. १३०: वाऱ्याला भितं. शेजारी थोराड झाड हवं.' 'नं. २०७: मी बाहेरगावी होतो तेवढ्यात एक पान टाकलं. माझी चूक.' इतक्या मायेने कुणी झाडाबद्दल लिहितं? मी घरी हे शेरे आठवून सांगायचे तेव्हा नवरा म्हणायचा, "माझ्याबद्दल लिही की असं. आज रुसलाय, उन्हातून हलवला."

हसण्याचे ते शेवटचे दिवस होते म्हणा ना.

कारण मुलीचं वजन वाढत नव्हतं. आठ महिने झाले होते आणि काटा दोन महिने सहा किलो शंभरवर अडून बसला होता. सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "दर आठवड्याला वजन करा. काय घेते, किती घेते, सगळं लिहून ठेवा." त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

"आमच्या वेळी कुणी पोरं तोलत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "ती काय बाजारातली भाजी आहे?"

पण मुलीला न्हाऊ घालताना त्याच सासूबाई तिच्या मनगटाभोवती स्वतःचा अंगठा आणि करंगळी जुळवून बघत. मी दारातून पाहिलंय. बोटं दिवसेंदिवस जास्त सहज जुळत होती.

मंगळवारी आणि शुक्रवारी सासूबाई गुडघ्यांच्या व्यायामाला जात, म्हणून त्या दोन दिवशी मुलगी माझ्याबरोबर तळघरात. कसरकाकांनी तिला पहिल्यांदा खोक्यात झोपलेली पाहिलं तेव्हा चष्मा पुसला आणि म्हणाले, "या खोक्याची यादी झाली का?" परवानगी द्यायची त्यांची ही पद्धत.

अशाच एका मंगळवारी मी ती चूक केली.

दाराशी टपालाचा काटा होता, त्यावर मी तिचं वजन केलं. सहा किलो शंभर. फोन बंद पडलेला, पिशवीत कागदाचा कपटा नाही. टेबलावर सातव्या क्रमांकाचं खोकं उघडं होतं. रोपांची कार्डं, एक ते चारशे अकरा, आणि त्यांच्यामागे बागवाल्याची वीसेक कोरी राहिलेली कार्डं. मी त्यातलं एक उचललं. घरी न्यायचं, वहीत उतरवून घ्यायचं आणि परत आणून ठेवायचं, इतकंच डोक्यात होतं. कार्डावर छापील रकाने होते. मग गंमत म्हणून मी रकान्यांप्रमाणेच, दातांना कोंब म्हणत, भरत गेले. समोर चारशे अकराचं कार्ड होतं, त्यात बघून बघून.

चारशे अकरावर लिहिलं होतं: 'कुठून आलं: घरातून. शेरा: शेंडा गेला. मुळं जिवंत आहेत. उपटू नये.'

मी लिहिलं: 'कुठून आलं: घरातून. वजन सहा किलो शंभर. उंची सव्वीस इंच. कोंब: खालचे दोन. शेरा: दूध कमी घेते. झोपेत डावीकडे कलते.'

तेवढ्यात ती रडत उठली. तिला घेण्याच्या गडबडीत मी सगळी कार्डं एकत्र करून खोक्यात ठेवली, आणि ते कार्ड विसरले. अशी विसरभोळी मी कधीच नव्हते. पण आठ महिने सलग झोप नसली की माणूस काय विसरेल, सांगता येत नाही.

शुक्रवारी सकाळी मी कार्डांना क्रमांक घालायला बसले. डोळे मिटत होते, हात चालत होता. चारशे दहा, चारशे अकरा, चारशे बारा. चारशे बारा लिहून झालं आणि मग मी कार्डावरचं अक्षर पाहिलं. ते माझं होतं.

मी कसरकाकांकडे गेले. लहान मुलासारखी उभी राहिले.

"क्रमांक घातलास?" त्यांनी विचारलं.

"घातला."

"यादी वर गेली?"

"सकाळीच गेली. काल नुसती मोजून लिहिली होती. एकूण चारशे बारा कार्डं म्हणून."

त्यांनी जरा विचार केला. "मग आता तो संग्रहाचा कागद झाला, पोरी. काढलास तर यादीला भोक पडेल. खोडलास तर कागदाचं साल जाईल. राहू दे. शंभर वर्षांनी कुणीतरी डोकं खाजवत बसेल, या बागवाल्याने दूध पिणारं झाड कुठून पैदा केलं म्हणून."

मी हसले. काळजावरचा दगड उतरला होता.

आठव्या खोक्यात त्याची शेवटची रोजनिशी होती. कधीतरी पाण्यात भिजून तिची पानं एकमेकांना चिकटली होती. अशी पानं ओढायची नसतात. हाडाची पातळ पट्टी कडेने आत सरकवायची, श्वास रोखून एकेक बोटभर पुढे जायचं, पान सुटलं की खाली टिपकागद घालायचा आणि ते वाळेपर्यंत पुढच्याला हात लावायचा नाही. दिवसाला तीन पानं सुटली तरी खूप. तो वर्ष लिहीत नसे. वार आणि तारीख, बस.

पहिल्या आठवड्यात खतं, पाणी, तापमान असंच निघालं. मग मंगळवारच्या एका पानावर हे:

'४१२. वजन अडलेलं. खालचे दोन कोंब. डावीकडे कलतं. नुसत्या आईच्या रसावर फार दिवस धरणार नाही.'

मी ते तीनदा वाचलं. मग उठून पाणी प्यायले आणि सरळ विचार केला. त्याच्याकडे चारशे बारावं रोप असणारच, कार्ड हरवलं असेल. कुंडीसकट रोप तोलत असेल. रोपाला दोन कोंब असतात. झाडाच्या बाबतीत आई म्हणजे मातृवृक्ष, ज्याची फांदी कलमासाठी घेतात तो. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जगातली अर्धी झाडं डावीकडेच कलत असतील. उरलेली उजवीकडे." हेही खरंच होतं.

शुक्रवारच्या पानावर एकच ओळ होती. '४१२. वरचा कोंब आज. उजवा.'

त्या संध्याकाळी सासूबाई मुलीला चमच्याने पाणी पाजत होत्या. टण्ण आवाज झाला.

"अगं बाई!" त्या ओरडल्या. "वरचा दात! आधी उजवा आला बघ."

मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. त्यांना वाटलं मला आनंदाने रडू आलंय.

त्यानंतर मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार काय आणि कुणाला? सकाळी जायचे, पट्टी घ्यायचे आणि एकेक पान सोडवायचे. चार दिवस त्याने चारशे बाराचा उल्लेखही केला नाही, तेव्हा मला बरं वाटलं आणि कसंसंही झालं. पाचव्या दिवशी पान निघालं.

'४१२ ला खुंट निवडला. ४११. मुळं जुनी, खोल, उपाशी. भेट बांधली.'

चारशे अकरा म्हणजे त्याच्या घरातून आलेलं, शेंडा गेलेलं. भेटकलम म्हणजे काय, ते त्याच्याच तिसऱ्या रोजनिशीत मी वाचलं होतं. मुळं घट्ट धरलेलं एक रोप घ्यायचं, तो खुंट. चांगल्या झाडाची कोवळी फांदी घ्यायची, झाडावरून न तोडता. दोघांची साल एकेका जागी तासायची आणि तासलेल्या जागा एकमेकींना लावून दोऱ्याने घट्ट बांधायच्या. फांदी अजून आईच्या रसावर असते, पण हळूहळू ती खुंटाच्या मुळांनीही प्यायला लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या डाव्या दंडावर वळ दिसला. दोऱ्याएवढा बारीक, सबंध दंडाभोवती.

"झबल्याचं इलॅस्टिक," सासूबाई म्हणाल्या. "तरी सांगत होते, विकतचं घट्ट असतं."

झबल्याला इलॅस्टिक नव्हतं.

त्या आठवड्यात वजन सहा चारशे भरलं. पुढच्या आठवड्यात सहा नऊशे. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "काय जादू केलीत हो?" नवऱ्याने दवाखान्याच्या पायऱ्यांवरच तिला उंच उचललं. सासूबाईंची बोटं मनगटाभोवती जुळेनाशी झाली आणि आपण कधी बघत होतो हेच त्या विसरल्या. मीही हसले. खोटं कशाला बोलू? माझं मूल जगत होतं. ते कुणाच्या मुळांनी पितंय, हे विचारण्याची मला शुद्ध नव्हती आणि इच्छाही नव्हती.

शुद्ध आली ती तिसरी रोजनिशी पुन्हा काढल्यावर. पुढचा भाग मी तेव्हा चाळून सोडला होता.

'सांधा धरला की फांदी आईपासून कापावी. एकदम कापू नये, पोर सुकतं. आधी खाच द्यावी. आठ दिवसांनी अर्धी. आणखी आठ दिवसांनी पूर्ण. सांधा पुरा व्हायच्या आत बांध सोडवला, तर पोर दोन्हीकडून जातं. आईला विशेष फरक पडत नाही. तिला दुसऱ्या फांद्या फुटतात.'

मला याच अक्षराची माया वाटली होती.

मंगळवारच्या पानावर होतं: '४१२. सांधा धरला. आईकडून खाच दिली.'

त्या दुपारी मी तिला पदराखाली घेतलं. तिने तोंड फिरवलं. रडली नाही, रागावली नाही. माझ्या छातीवर छोटासा पंजा टेकवला आणि मला हळूच लांब केलं, नको असलेलं ताट आपण सारतो तसं. मी पुन्हा घेतलं. तिने पुन्हा सारलं. दोन दिवस माझी छाती दगड होऊन ठणकत होती.

"सुटली आपोआप! भाग्यवान आहेस," सासूबाई म्हणाल्या. "याच्या वेळी मी कारलं लावून दमले होते."

"कडू मला चालतं," नवरा म्हणाला, आणि दोघं हसली.

मी ठरवलं, आता पान उघडायचं नाही. आणि कार्ड तिथे राहू द्यायचं नाही.

पुढच्या सोमवारी सगळे वर गेल्यावर मी सातवं खोकं उघडलं. चारशे बारा शेवटचंच. कोपऱ्यातला आकडा माझ्या पेन्सिलीचा होता. पण रोपाच्या क्रमांकाचा जो रकाना मी कोरा सोडला होता त्यातही आकडा होता, तपकिरी शाईत, उजवीकडे झुकलेला. मी कार्ड ब्लाउजमध्ये घातलं आणि घरी गेले. आयुष्यातली ती माझी पहिली चोरी. कार्ड कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं.

बुधवारी तिला ताप भरला.

शुक्रवारी आम्ही इस्पितळात होतो. हाताला नळी, नळीला बाटली. वजन सहा दोनशे. दंडावरचा वळ काळा पडला होता, आणि तिथली कातडी सुकल्या देठासारखी सुरकुतली होती. डॉक्टरीणबाई आणखी दोन डॉक्टरांना घेऊन आल्या. ते वळाकडे बघून आपापसात हळू आवाजात बोलले. नवरा भिंतीला टेकून उभा होता. सासूबाई पुन्हा तिच्या मनगटाभोवती बोटं जुळवून बघत होत्या.

मी तिच्याशेजारी बसून होते. तिने डोळे उघडले आणि माझं बोट धरलं. तिच्या मुठीत जोर नव्हता, पण तिने मलाच धरलं होतं. ती अजून माझीच होती. तशीच माझी राहून ती संपत होती.

पोर दोन्हीकडून जातं.

मी बोट सोडवून घेतलं. "तासाभरात येते," नवऱ्याला म्हणाले.

"आत्ता? वेड लागलंय का तुला?"

मी निघाले. घरी जाऊन कार्ड घेतलं.

तळघराच्या दाराशी कसरकाका किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते. माझ्या हातातलं कार्ड त्यांनी पाहिलं.

"बाहेर नेलं होतंस?"

"हो."

"क्रमांक घातलेलं?"

"काका, पोरगी जातेय माझी."

मला वाटलं ते विचारतील, याचा त्याच्याशी काय संबंध. त्यांनी विचारलं नाही. कार्ड घेतलं, चष्मा वर करून त्यावरची शाई डोळ्यांजवळ नेली.

"छत्तीस वर्षं झाली मला," ते म्हणाले. "कागद काय म्हणतात ते मी वाचतो. आपल्याला काय म्हणतात ते मात्र वाचायचं नाही, असं ठरवलंय." त्यांनी कुलूप काढलं. "ठेव जागेवर. आणि जा तिच्याजवळ."

"रोजनिशीची अजून दोन पानं राहिलीत."

"ती मी सोडवतो."

"नको," मी म्हणाले. "मीच."

ते बाहेर दाराशी जाऊन बसले. आत आले नाहीत.

कार्ड जागेवर ठेवलं. पट्टी घेतली. कडेने आत सरकवली. पान सुटलं.

'४१२. अर्धी कापली. आईचा आवाज ओळखत नाही. चांगलं लक्षण.'

इस्पितळात पोचले तेव्हा ताप उतरला होता. सासूबाईंच्या मांडीवर बसून ती टकमका बघत होती. मी दारातूनच तिला हाक मारली, जी फक्त मी मारते ती हाक. ती वळली नाही. मी पुन्हा मारली. परिचारिकेच्या हातून चमचा पडला, तेव्हा मात्र ती पटकन वळली आणि हसली.

"कान ठणठणीत आहेत हो," परिचारिका म्हणाली.

आठ दिवस राहिले होते.

त्या आठ दिवसांत मी तिला खाली ठेवलं नाही. रजा घेतली. न्हाऊ घातलं, भरवलं, तिच्या केसांत नाक खुपसून बसले. ती हरकत घेत नव्हती. दवाखान्याच्या रांगेत शेजारच्या बाईच्या मांडीवर बसावं तशी ती माझ्या मांडीवर बसायची. मऊ भात चार घास खायची आणि पुरे म्हणून मान फिरवायची. वजन सहा तीनशे. ना वर, ना खाली. रोज संध्याकाळी थोडा ताप.

मी एकदाच स्वतःला विचारलं, की हे पान तसंच चिकटलेलं राहू दिलं तर? अर्धी कापलेली फांदी किती दिवस तगते, ते तिसऱ्या रोजनिशीत आकड्यांत लिहिलेलं होतं.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी दीडला मी शेवटचं पान सोडवायला घेतलं.

ते सहज सुटलं. जणू कधी चिकटलेलंच नव्हतं.

ओल्या लाकडाचा वास आला. नुकती फांदी कापली की येतो तसा.

'४१२. पूर्ण कापली. आईचं काम संपलं. आता जमिनीत.'

मी वाट पाहिली. कुठेतरी दुखेल, काहीतरी तुटेल. काहीच झालं नाही. भिंतीतलं यंत्र घरघरत होतं. मी पानाखाली टिपकागद घातला, कोपऱ्यात क्रमांक लिहिला आणि यादीत नोंद केली.

आता ती अकरा महिन्यांची आहे. आठ किलो दोनशे. डॉक्टरीणबाई तिची केस इतरांना सांगतात. दंडावर फक्त एक बारीक उंचवटा राहिलाय, हात फिरवला तरच कळतो. गाल वर आलेत, जावळ दाट झालंय. रात्रभर झोपते, कधी रडून उठत नाही.

"किती शहाणी झाली," सासूबाई म्हणतात. "कुणाकडेही जाते. आईला म्हणून चिकटत नाही."

"हो," मी म्हणते.

संध्याकाळी मी घरी येते तेव्हा ती खेळण्यातून वर बघते, हसते आणि पुन्हा खेळायला लागते. परवा शेजारीण आली, तिच्याकडे बघूनही ती तशीच हसली. दोन्ही हसण्यांत मी फरक शोधला. अजून शोधते.

तिला न्हाऊ घालायचं काम मी कुणाला देत नाही. कारण मोज्यांत झाकलेले तिचे पाय मी अजून कुणाला दाखवलेले नाहीत. ती चालत नाही, उभीही राहत नाही. कडेवर नाहीतर गादीवर, जमिनीला तिचे पाय लागलेलेच नाहीत. पण तिचे तळवे जाड झालेत. टाचांना भेगा पडल्यात, वर्षानुवर्षं अनवाणी फिरलेल्या पायांना पडतात तशा, आणि त्या भेगांत तांबडी माती असते. मी कोमट पाण्यात पाय भिजवते, साबण लावते, सुती फडक्याने एकेक भेग पुसून काढते. सगळी माती निघते. दुसऱ्या दिवशी पुन्हा असते.

आज ती माती ओली होती, नुकतं कुणी पाणी घातल्यासारखी.